काळीज कुणाच्या वाट्याचं?

दोस्तांनो, गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका शिकलेल्या कार्यकर्त्याने मला सगळ्यांदेखत विचारलं, "कवी, तुम्ही अजून वजडी-काळीज खाता म्हणे? बाबासाहेबांनी काय सांगितलं होतं?" पोरं हसली. मी गप्प बसलो. रातपाळीला जायचं होतं. पण रात्रभर रिंगफ्रेमपुढे तुटलेले धागे जोडताना तोच सवाल डोक्यात गरगरत होता. त्याचं उत्तर तिथंच द्यायला पाहिजे होतं. ते आता इथं देतो. माझं शिक्षण नववी. चुकलं तर सांगा, पण हसू नका.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. माझा आजा हाक्याला जायचा. रानडुकराची शिकार निघाली की वाड्यावरून सांगावा यायचा. बंदूक मालकाची, काठी आजाची. मालक बांधाआड दबा धरून बसायचे. आजा आणि त्याच्यासारखे दहा-बारा जण डबडी बडवत बोरी-बाभळीत घुसायचे. डुकराने पहिली धडक मारली तर ती काठीवाल्याला. आजाच्या मांडीवर वीतभर वळ होता. त्याबद्दल तो कधी फुशारकीनं बोलला नाही.

डुक्कर पडलं की वाटे व्हायचे. मांड्या, पुट्टे, बरगड्या वाड्यावर. उरलं ते आमचं. काळीज, दिल, गुर्दे, फोपसं, तिल्ली, आतडी. पळसाच्या पानावर टाकून लांबून म्हणायचे, "घ्या रे." जीव धोक्यात घातलेल्या माणसाचा हा पगार.

आता नीट ऐका. बारा घरं आणि एवढंसं काळीज. तुकडे वाटले तर कुणाला मिळणार, कुणाला नाही. म्हणून माझी आजी सगळं एकत्र घेऊन कोयत्यानं बारीक करायची आणि पाट्यावर ठेचायची. म्हणायची, "खिमा केला का पळीनं मोजून वाटता येतं. बिनदाताच्या म्हाताऱ्यालाबी खाता येतं आन् पोरालाबी." वाड्यावर वाटे मानाने होत होते, आमच्या चुलीपुढे पळीने. समतेवरची भाषणं मी पुढं खूप ऐकली. पहिली समता मी त्या पळीच्या गोष्टीत पाहिली.

ही सगळी १९७२ च्या आधीची हकिगत. आता कार्यकर्त्याच्या सवालाकडे येतो.

महाडला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा. हजार वेळा बरोबर सांगितलं. मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं आणि तेच खायचं, यात गावकीची गुलामी होती. त्या मांसाबरोबर रोग यायचा आणि लाचारीही यायची. पण 'मेलेल्या' या शब्दावर बोट ठेवा. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात ते ताजं मांस आणि मढ्याचं मांस वेगळं काढतात. अस्पृश्यतेचं मूळ शोधताना हा फरक त्यांनी महत्त्वाचा धरला. त्यांनी मढं सोडायला लावलं. आपण लाजेपोटी काळीजही सोडलं. ही शिकवण बाबासाहेबांची नाही. ती शेजारच्या सोवळ्या घराची आहे. आपण ती उसनी आणली आणि वर निळा रंग दिला.

दुसरा म्हणेल, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करायची प्रतिज्ञा आहे. आहेच. मग बुद्धाकडेच जाऊ. भिक्खूंना कायमची मांसबंदी करा, अशी मागणी बुद्धाकडे कुणी केली? देवदत्ताने. बुद्धाने ती नाकारली. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तसा संशयही नाही, असं मांस भिक्खूला चालतं, असं जीवकाला सांगितलं. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा अर्थ सांगताना बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांच्यात रेघ मारली. ही रेघ पाठ करा. सगळा वाद या रेघेवर आहे.

कोरियाच्या राजाने १९४७ साली एका रात्रीत तीन चित्ते मारले. आपल्या देशात नोंद झालेले ते शेवटचे चित्ते. मेलेल्या चित्त्यांमागे उभं राहून फोटो काढला. राजाला चित्त्याचं काळीज खायचं नव्हतं. ही झाली इच्छा. पारधी फासा लावून तितर धरतो, कारण घरात चूल थंड आहे. ही झाली गरज. राजाचा फोटो पुस्तकात गेला, पारध्याचा पोलीस ठाण्यात. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी असल्या जमातींना जन्मताच गुन्हेगार ठरवलं. १९५२ ला तो कायदा गेला, शिक्का अजून गेला नाही. २०२२ मध्ये नामिबियाहून विमानाने चित्ते आणून कुनोत सोडले. राजाने संपवलेलं सरकारने भरून आणलं. फासेपारध्याच्या पोरांसाठी असं विमान कधी उतरलं?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. आमची माणसं सुकडी खाऊन खडी फोडत होती. तरी कायदा नको, असं मी म्हणणार नाही. रान उरलं पाहिजे. ससा, घोरपड, रानडुक्कर मारायला जाऊ नका. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे, वर्षानुवर्षं आत जाल. कायद्याचा फास पहिल्यांदा कुणाच्या गळ्यात पडतो ते आपल्याला माहीत आहे. रानातली शिकार आजाबरोबर संपली, तिच्यासाठी रडायचं कारण नाही. पण शिकारीबरोबर आजीची चूल का विझवायची? काळीज बाजारात मिळतं.

आता हे सगळं मी का उगाळतोय, ते सांगतो. माझी धाकटी बहीण माझ्याच सूतगिरणीत डॉफर आहे. दोन महिन्यांपूर्वी मशिनीशेजारी चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "काळीज खात जा." बहीण घरी येऊन म्हणाली, "दादा, घरमालकाला वास गेला तर खोली जाईल. आन् आता आपण तसलं खात न्हाई." तसलं! रक्त नसलेल्या पोरीच्या तोंडी हा शब्द कुणी घातला?

ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त रक्तक्षयी निघाल्या. पाच वर्षांखालच्या पोरांत हा आकडा जवळजवळ ६९ टक्के. मांसातलं लोह अंगाला लवकर लागतं, पालेभाजीतलं कमी लागतं. काळजात लोह आहे, बी-१२ आहे, फोलेट आहे, अ जीवनसत्त्व आहे. वाड्याने टाकाऊ म्हणून लांबून फेकलं, त्यातच हे सगळं होतं.

म्हणून आजीची रीत लिहून ठेवतो. कविता नंतर लिहीन.

पाच माणसांना पाव किलो काळीज, पाव किलो दिल आणि फोपसं, एक वाटी भिजवलेली मसूर. बोकडाचं काळीज आता मटणाच्या भावाला भिडलंय, म्हणून परवडत नसेल तर कोंबडीची कलेजी आणि पेटा घ्या. दिल चिरून आतलं साकळलेलं रक्त धुवा. गुर्दा असेल तर उभा कापून मधली पांढरी शीर काढा. फोपसं आधी उकळा, फेस येईल, ते पाणी फेका. मग सगळं बारीक करा, काळीज मात्र वेगळं ठेवा. थोड्या तेलात कांदा, लसूण, आलं, भाजलेलं सुकं खोबरं आणि काळा मसाला परता. त्यात आधी दिल, फोपसं आणि मसूर शिजवा, काळीज शेवटी घाला. पहिल्यापासून शिजवलं तर ते चामड्यासारखं होतं. पण कच्चंही ठेवू नका. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू वरच राहतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात. लाल पाणी सुटायचं थांबेपर्यंत, खालपासून वरपर्यंत वाफ येईपर्यंत शिजवा. बाजरीची भाकरी आणि वरून लिंबू. लिंबाने भाकरीतलंही लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोहाला आडवा येतो.

आजी आणखी दोन गोष्टी पाळायची. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस ती कापून फेकायची. "काळं पडलंय, नको," एवढंच म्हणायची. त्यात शिसं असतं हे मला आता कळलं. आणि काळजात पाण्याचे फोड दिसले तर ते खोल पुरायची, कुत्र्याला टाकायची नाही. तो जंत कुत्र्याच्या पोटातून फिरून माणसात येतो. कुठल्या शाळेत शिकली होती ती? कुठल्याच नाही. गरोदर बाईने काळीज भरपूर खाऊ नये, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या पोराला बाधतं. सांधे धरणाऱ्या वातरक्तवाल्यानेही जपून. आणि दवाखान्याच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. काळीज औषध नाही, अन्न आहे.

आता दुसऱ्या बाजूचे शहाणे बघा. शहरात काळीज वाळवून, भुकटी करून, गोळ्यांत भरून विकतात. व्यायामशाळेतली पोरं ती गिळतात. मोठ्या हॉटेलात वजडीला इंग्रजी नाव देऊन पांढऱ्या बशीत वाढतात. त्यांनी खाल्लं की आरोग्य, आम्ही खाल्लं की जात. तुम्हीही उद्या भुलून म्हणाल, वा, आमची थोर खाद्यसंस्कृती! तेही नको. पळसाच्या पानावर लांबून फेकण्यात थोर काही नव्हतं. थोर होतं ते आजीनं त्या फेकलेल्याचं केलेलं जेवण. फेकणाऱ्याचा धिक्कार करा, पळी हातातून सोडू नका.

आणि सरकार? १९७६ च्या कायद्याने गाय गेली, २०१५ च्या दुरुस्तीने बैलही गेला. गरिबाचं स्वस्त मांस गेलं. रेड्याचं कायद्यात बसतं, पण रस्त्यात पिशवी उघडून बघणारं टोळकं कायदा वाचत नाही. २०२३ मध्ये शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले. लोकवर्गणी काढा म्हणाले. एक अंडं! ६९ टक्के पोरांच्या रक्ताची किंमत एका अंड्याइतकीही नाही.

तेव्हा शिकलेल्या मित्रा, हे माझं उत्तर. पुढच्या अभ्यासवर्गाला मी पातेलं घेऊन येणार आहे. बहीण येते म्हणाली. गिरणीतल्या आणखी चार पोरींना आणणार आहे. खिडक्या उघड्या ठेवू. ज्याला खायचं नाही त्याने खाऊ नये, सक्ती नाही. पण नाक मुरडलंस तर कुणाचं नाक मुरडतोयस ते आधी सांग. आणि हसायचं असेल तर त्या पोरींचा रक्ताचा कागद वाचून मग हस.

पळी मी आणतो. भाकरी तुम्ही आणा.