रसोत्पत्ति आणि दिवा

भरताच्या नाट्यशास्त्रांत प्रत्येक रसास एकेक वर्ण नेमून दिला आहे. शृंगाराचा श्याम, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा, रौद्राचा तांबडा, भयानकाचा काळा. कृष्णधवल चित्रपटांत रंग नाहींत. तेथें हें काम प्रकाश आणि छाया यांजकडे येतें. साहित्यशास्त्रानें चंद्रोदय, उपवन इत्यादि उद्दीपनें मानिलीं. त्यांच्या पंक्तीस आतां दिवाही बसवावयास हरकत नाहीं.

घरांतील आजोबांच्या हनुवटीखालीं कंदील धरून पाहावा. तोंड तेंच, परंतु नातवंडें दचकतील. सूर्य वरून प्रकाशतो. खालून उजळलेलें मुख आपल्या दृष्टीच्या संवयीचें नसतें. कित्येक दिग्दर्शक खलपुरुषास असेंच उजळतात, आणि नायिकेवर मृदु प्रकाश सोडतात. त्या दोघांनीं अक्षर उच्चारण्यापूर्वींच प्रेक्षकांचा निवाडा झालेला असतो! शीलाची परीक्षा तोंडावरील उजेडावरून करण्याची ही खोड मुलांस फार लौकर लागते, हें गृहस्थांनीं ध्यानांत ठेवावें.

गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' (१९५९) ह्या चित्रपटांत छायालेखक व्ही. के. मूर्ति यांनीं आरशांच्या साहाय्यानें बाहेरचें ऊन ओसाड स्टुडिओंत आणलें. वरून उतरणारा झोत, भोंवतीं काळोख, आणि दोन जीव एकमेकांपासून दूर उभे. विरह इतका दृग्गोचर झालेला आम्हीं क्वचितच पाहिला. तथापि तो झोत स्वतःकडेही लक्ष वेधून घेतो.

सुब्रत मित्र यांची रीति आम्हांस अधिक मान्य. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) साठीं काशीच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओंत उभारला होता. खऱ्या चौकांत उजेड आकाशांतून झिरपतो, त्यास ठळक सावली नसते. मित्र यांनीं वर पांढरें कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवून खालीं घेतला. दिवा कोठें आहे हें कोणास कळत नाहीं. म्हणूनच हरिहराचें आजारपण आपल्याच माजघरांतलें वाटतें.

अमेरिकेंतील 'द गॉडफादर' (१९७२) हा चित्रपट रंगीत. तरी गॉर्डन विलिस यांनीं त्यांत अंधारच राखला. बाहेर मुलीचें लग्न लख्ख उन्हांत, आंत काळोख्या खोलींत सुडाची याचना. दिवे डोक्यावर असल्यामुळें मार्लन ब्रँडो यांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्याच राहतात. ह्या माणसावर विश्वास ठेवावा कीं त्याचें भय धरावें, हें ते डोळे सांगत नाहींत. प्रेक्षकास त्याचें बोलणें ऐकत बसावें लागतें.