नंबर लागायच्या आधीच पैसे मागा

"आधी नंबर तर लागू दे, पैशाचं मग बघू." परदेशी शिक्षणाची चौकशी करायला येणाऱ्या पोरापोरींकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, हे वाक्य आम्ही दर हंगामात ऐकतो. सवय कुठून आली ते उघड आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज प्रवेश झाल्यावरच भरायचा असतो. त्यामुळे आपल्या घरांत क्रम ठरूनच गेला: प्रवेश, मग उसनवारी, मग शिष्यवृत्तीची वाट.

परदेशात हा क्रम चालत नाही. अमेरिकेत पदवीसाठी आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेश अर्जाच्या बरोबरीनेच मागतात. निकाल येईपर्यंत थांबलात तर मुदत गेलेली असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश ठरवताना त्याची ऐपत बघत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणी बघतात, हे खरं. म्हणूनच काही सल्लागार कानात सांगतात, मदत हवी असं लिहू नका. हा सल्ला पैसेवाल्यांच्या पोरांसाठी ठीक आहे. परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नाही, तर अनेक कॉलेजं नंतर देतच नाहीत. मग ते प्रवेशपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायचं का?

पदव्युत्तर शिक्षणाचंही तेच. केंब्रिजच्या गेट्स शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश अर्जातच असतो. चेव्हनिंगला अर्ज करताना प्रवेश हातात लागत नाही, तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दाखवता येतो. फुलब्राइटचंही दार प्रवेशाच्या कितीतरी आधी बंद होतं.

आणि मागण्यात कसली लाज? बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला ४ जून १९१३ रोजी. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. पैशाची सोय आधी, बोट नंतर. (बदल्यात दहा वर्षं नोकरीची अटही होती, फुकट काहीच नव्हतं.)

आता आपलं सरकार बघा. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. तिथे आधी प्रवेशपत्र आणा, मग अर्ज करा. २०२५ मध्ये १०६ जण निवडले गेले, पण सुरुवातीला पत्रं मिळाली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी उपलब्ध झाला तर. तोवर विद्यापीठाच्या अनामत रकमेची तारीख थांबते का? व्हिसा थांबतो का? ज्याचा बाप शेतमजूर आहे, त्याने त्या काही आठवड्यांत कोणाच्या दारात जायचं?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. उत्पन्न आणि जातीच्या निकषांवर पात्रता आधी ठरवा, पत्र आधी द्या, प्रवेश मिळताच पैसे सोडा. चेव्हनिंगला हे जमतं, मंत्रालयाला का जमू नये?

पण मागणी मान्य होईपर्यंत एकाच सरकारी योजनेवर वर्ष लावू नका. प्रवेशाचा प्रत्येक अर्ज भरताना त्याच बैठकीत मदतीचा अर्जही भरा. अर्जाची फी माफ करून मागा, अनेक विद्यापीठं करतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र हे सगळं जुलै-ऑगस्टमध्येच हातात असू द्या. वडिलांकडे पगाराची स्लिप नसेल तर मजुरीचा हिशोब साध्या कागदावर लिहून, तलाठ्याकडून जे मिळेल ते जोडा. आणि अडलं तर पहिल्या आठवड्यात विचारा, शेवटच्या रात्री नको.

जय भीम.