देवगिरीचे दशक आणि आमचे पारायण

कार्तिक वद्य त्रयोदशी हा आळंदीच्या संजीवन समाधीचा पुण्यदिवस. त्या निमित्ताने आम्हां जुईनगरकरांच्या देवघरांत ज्ञानेश्वरी उघडली जाते. परंतु तिच्या अखेरीस उल्लेखिलेला यादवनृपती रामचंद्रदेव आम्ही सहसा विसरतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे ग्रंथ सिद्ध झाला. अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि अपार खंडणी घेऊन परतला. त्याच वर्षी ज्ञानदेव समाधिस्थ झाले.

भक्तीने महाराष्ट्र दुबळा झाला, असा आक्षेप काही जण घेतात. तो आम्हांस मान्य नाही. त्या वेळी युवराज सैन्यासह दूर होता. गडावर धान्य समजून नेलेली पोती मिठाची निघाली, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. हा दोष टाळकऱ्यांचा नव्हे, कारभाऱ्यांचा होय. उलट, स्वधर्म सोडू नये, ही गीतेची शिकवण ज्ञानदेवांनीच मराठीत आणून सर्वांस खुली केली.

पुढे यादवांचे राज्य लयास गेले. ओवी मात्र टिकली. म्हणून पारायणास बसताना, आपल्या वाट्याचे कर्तव्य आपण चोख बजावतो काय, हेही आपण स्वतःस विचारू या. ग्रंथाची खरी पूजा तीच.