ताटातला फेरफार, पण आधी फेरिटिन

झोप येत नाही असं घरात कुणी म्हणालं की पहिला उपाय निघतो तो स्वयंपाकघरातून. म्हशीचं दूध तापवा, त्यात जायफळ उगाळा, रात्री वांगं नको, हरभऱ्याची डाळ नको. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रापट्ट्यात त्यात आणखी एक भर पडते: दिवस मावळल्यावर संत्रं नको, सर्दी होते. या सल्ल्यांना हसायचं कारण नाही. झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकसंहितेनं म्हशीच्या दुधाला पहिला मान दिला आहे, आणि शरीर तोलून धरणाऱ्या तीन उपस्तंभांत आहार आणि निद्रा शेजारीशेजारी बसले आहेत. जायफळ घातलेल्या श्रीखंडानंतर दुपारी अख्खं घर कसं आडवं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. (फक्त हात जपून. जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त पोटात गेलं तर झोप राहते बाजूला आणि माणसाला भास व्हायला लागतात.)

अडचण अशी की हे सगळे उपाय एका तक्रारीवरचे आहेत आणि त्या एका तक्रारीच्या पोटात पाच-सहा निरनिराळे आजार दडलेले असू शकतात. त्यातल्या एका आजारात ताट आणि झोप यांचा संबंध अगदी थेट आहे. पण रामाकोन्यासारख्या गावात त्याला आजार म्हणून सहसा कुणी मोजत नाही.

रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांत वळवळ सुरू होते. दुखणं म्हणावं तर दुखणं नव्हे, मुंग्या म्हणाव्या तर मुंग्याही नव्हेत. पाय हलवला की बरं वाटतं, थांबवला की पुन्हा तेच. बाई उठते, ओसरीत फेऱ्या मारते, गार फरशीवर तळवे टेकवून बसते, शेवटी नातवाला हाक मारते, ‘ये रे, पायावर उभा राहा जरा.’ पोरगं पोटऱ्यांवर उभं असेतो आराम. दिवसभर कापूस वेचला, संत्र्याची तोडणी केली, मग पाय दुखणारच, असं म्हणून विषय तिथंच मिटतो. सकाळी डोळे चुरचुरतात, त्यावर कडक चहा होतो.

डॉक्टर याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, अस्वस्थ पायांचा विकार. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरानं १६७२ मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. त्याला आजचं नाव मिळालं ते १९४५ मध्ये, स्वीडनच्या कार्ल एकबोम यांच्याकडून. पुढे १९५३ मध्ये नॉर्डलँडर या स्वीडिश डॉक्टरानंच रुग्णांना शिरेतून लोह दिलं आणि पाय शांत झाल्याचं नोंदवलं. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. तो साठा अपुरा पडला की संध्याकाळनंतर पाय ऐकेनासे होतात. गरोदरपणात हा त्रास जास्त दिसतो, त्याचं एक कारण हेच असावं.

आता देशाचा आकडा पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्या घरात ‘पाय चेपून दे’ ही रोजची मागणी आहे, त्या घरात लोहाची शंका घ्यायला भरपूर जागा आहे. पण शिबिरात बोट टोचून बघतात ते हिमोग्लोबिन. शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी वेगळी, फेरिटिनची. हिमोग्लोबिन बारा असलेल्या बाईचाही साठा तळाला गेलेला असू शकतो. त्यातही एक मेख आहे. फेरिटिन २० आलं तर बहुतेक लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ छापून येतं, कारण रक्तक्षयाच्या हिशेबात ते चालतं. अस्वस्थ पायांसाठी मात्र या विकाराच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये ठरवलेली रेघ ७५ ची आहे. त्याखाली साठा असेल तर लोह देऊन पाहावं, असं ते म्हणतात. कागद नॉर्मल आणि पाय बेचैन, अशी गत मग होते.

इथून पुढे ताटाचं काम सुरू होतं, आणि ते आपल्या समजुतींच्या बरंच उलट आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मेथी किंवा चवळीची भाजी या जेवणात लोह असतं, पण शरीर ते सहजासहजी उचलत नाही. जेवणाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते जास्त उचललं जातं. थोडक्यात, संत्र्याची जागा ताटाशेजारीच आहे. उलट जेवण झाल्या झाल्या येणारा चहा त्यातलं निम्म्याहून अधिक लोह अडवू शकतो. तो चहा बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, ऐकायची गरजही नाही. तासभर पुढे ढकलला तरी फरक पडतो. आणि ते म्हशीचं दूध? एरवी अमृत, पण लोहाची गोळी त्याच पेल्याबरोबर गिळली तर दुधातलं कॅल्शियम गोळीच्या आड येतं. दूध रात्री आणि गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर, एवढं साधलं तरी पुष्कळ.

फेरिटिन तळाला गेलं असेल तर नुसत्या गुळानं आणि बिटानं ते वर येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. गुळाच्या लोहाची ख्याती त्याच्या ऐपतीपेक्षा मोठी आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. गुळाचा खडा त्या वाटेवर फार लांब नेत नाही. गोळी लागतेच. सरकारी योजनेत किशोरवयीन मुलींना निळी, मोठ्या बायकांना लाल गोळी मिळते. शौचाला काळं होतं, पोट जड होतं म्हणून ती डब्यात पडून राहते, ही वेगळी रड.

तरीही कुणी दुकानातून लोहाची बाटली आणून स्वतःवर प्रयोग सुरू करू नये, आणि या भागात तर मुळीच नाही. मध्य प्रदेश आणि विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. इथं रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहच असेल असं नाही. सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. त्यावर आणखी लोह म्हणजे यकृत आणि हृदयावर भार. अशा रुग्णाची झोप मोडते ती अनेकदा हाडांच्या वेदनेनं किंवा रात्री ऑक्सिजन घटल्यानं, आणि तिथं संत्रं काय करणार?

बाकीच्या झोपविकारांत आहाराची मजल कमी-जास्त आहे. घोरताना श्वास अडकणाऱ्या लठ्ठ माणसाला वजन उतरल्याचा फायदा नक्की होतो. अमेरिकेत २६४ मधुमेही रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात सुमारे ११ किलो उतरवलेल्या गटात विकार पूर्ण मिटण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या तिपटीहून अधिक होतं. अर्थात तेही सातांत एकाचं. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत ज्यांना वजनासाठी मानवते, त्यांचं घोरणंही कमी होऊ शकतं. पण म्हणून रात्री श्वासाचं मशीन आपल्या मनानं काढून ठेवायचं नसतं.

दिवसा अचानक झोप कोसळवणाऱ्या नार्कोलेप्सीत अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं ९ रुग्णांना आठ आठवडे पिष्टमय पदार्थ अगदी कमी करून पाहिलं. लक्षणांचा गुणांक १८ टक्क्यांनी उतरला. २००४ मधला हा अभ्यास आशादायक आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. झोपण्यापूर्वी दोन किवी खा, या सध्याच्या सल्ल्यामागे तैवानचा २४ जणांचा असाच एक छोटा अभ्यास आहे. किवीचे भाव पाहता आपलं संत्रं बरं.

आहाराच्या गप्पांत एक गोष्ट हमखास सुटते, कारण ती कुणी खाणं धरतच नाही: तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यातलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं. शेतीची लाइट रात्रीची असली की ओलिताला गेलेला माणूस खर्रा आणि चहावर रात्र काढतो आणि पहाटे घरी येऊन म्हणतो, झोप उडाली. त्याच्या ताटात काय बदलायचं हे विचारण्याआधी लाइट दिवसा का मिळत नाही हे विचारायला हवं.

शेतकरी नवं खत आधी दोन ओळींना घालून बघतो, सगळ्या बागेत एकदम ओतत नाही. खाण्यातला बदलही तसाच, एका वेळी एक आणि वहीत नोंद ठेवून करावा. पण माती-परीक्षणाचा कागद हातात आल्यावर.

तो कागद मिळवून देणं हे सरकारचं काम आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. म्हणजे या पट्ट्यात रक्ताचा थेंब घ्यायला माणसं गावात येणारच आहेत. त्यांनी बाईला एक प्रश्न जादा विचारावा: रात्री पाय स्वस्थ राहतात का? ‘नाही’ म्हणाली तर शिरेतून एक नमुना घेऊन फेरिटिनसाठी सौंसर किंवा पांढुर्ण्याला पाठवावा. त्याच साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या दोन तहसिलींच्या पांढुर्णा जिल्ह्याला एवढी सोय जड जाऊ नये.