पॉझिटिव्ह आलं म्हणजे निदान झालं?

१ जून २०२२ रोजी मलेशियाने महिन्याला ३६ लाख कोंबड्यांची निर्यात थांबवली, तेव्हा इथे सेरंगून रोडवरच्या टेक्का बाजारापासून चिकन राईसच्या गाड्यांपर्यंत एकच विषय होता. चर्चा झाली ती मुख्यतः खाद्याच्या दरांची. पण खाद्य पोटभर खाऊनही ब्रॉयलर कोंबडी वजनाला भरत नाही, याचं आणखी एक कारण असतं आणि ते बाजारात कोणाला दिसत नाही. ते कारण म्हणजे आतड्यातले विषाणू.

शेडमध्ये हे असं दिसतं: पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पिल्लं पातळ हगू लागतात, तूस ओलं होतं, विष्ठेत न पचलेले दाणे दिसतात. मर फार नसते, पण एकाच दिवशी आलेल्या पिल्लांत काही मुठीएवढी, तर काही त्यांच्या दुप्पट. आज नमुना पाठवला की पीसीआरचा अहवाल येतो: अ‍ॅस्ट्रोव्हायरस पॉझिटिव्ह, रोटाव्हायरस पॉझिटिव्ह, कधी रिओ, कधी पार्व्हो. लगेच सगळे म्हणतात, सापडला चोर!

माझं मत असं की बहुतेक वेळा चोर सापडलेला नसतो, फक्त त्या गल्लीत राहणाऱ्यांची यादी मिळालेली असते. हेच विषाणू ठणठणीत कळपांतही सापडतात. शेजारच्या चांगल्या वाढलेल्या शेडचा नमुना तपासलाच नाही, तर आपल्या अहवालातल्या ‘पॉझिटिव्ह’ला वजन किती द्यायचं हे कळणार कसं?

प्रयोगशाळेवर आपला एवढा विश्वास का, त्याला इतिहास आहे. २००६च्या फेब्रुवारीत नवापुरात कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा आधी बोट दाखवलं गेलं ते राणीखेतकडे, म्हणजे आपल्या मानमोडीकडे. लक्षणांवरून तसं वाटणं साहजिकच होतं. हगवण आणि झपाट्याने मर दोन्हींत असते. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं सांगितलं आणि भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तिथे एक चाचणी पुरली, कारण तो विषाणू धडधाकट कोंबड्यांच्या कळपात असा मुक्कामाला नसतो. आतड्यातल्या विषाणूंना तोच नियम लावणं चूक आहे. (राणीखेतचंही बघा: लासोटाची जिवंत लस पाण्यातून दिलेल्या कोंबडीत पीसीआर लसीचाच विषाणू पकडू शकते!)

मग निदान कशाने होतं? मेलेल्या नव्हे, तर जिवंत आजारी पिल्लांवरून. आतडं मेल्यानंतर फार लवकर, काही मिनिटांतच, स्वतःलाच पचवू लागतं. सकाळी सापडलेलं मेलेलं पिल्लू दुपारी प्रयोगशाळेत पोचलं तर सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं फारसं उरत नाही. चार-पाच खुजी पिल्लं आणि त्याच वयाची चार-पाच चांगली पिल्लं घ्यावीत, शवविच्छेदन लगेच करावं, आतड्याचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकावेत. खुज्या पिल्लांच्या आतड्यातल्या ग्रंथी फुगून पाण्याच्या पिशव्यांसारख्या झाल्या असतील, अन्न शोषणारे अंकुर आखूड झाले असतील आणि चांगल्या पिल्लांत तसं नसेल, तर पीसीआरच्या अहवालाला अर्थ येतो. त्याआधी आतड्याची खरवड काचपट्टीवर बघून कॉक्सिडिया नाहीत ना, एवढं तरी पाहावं. ती तपासणी स्वस्त आहे आणि कित्येकदा उत्तर तिथेच मिळतं. ब्रूडिंगचं तापमान आणि खाद्यातली बुरशीही तपासावी.

‘विषाणूवर औषध नाही, मग एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण नाव चुकलं की औषध चुकतं. हगवण दिसली की पाण्यात प्रतिजैविक टाकायची सवय जुनीच आहे. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटच्या फळीतलं औषध. भारताने जुलै २०१९मध्ये ते खाद्यप्राण्यांसाठी बंद केलं, तोवर तेही कोंबड्यांना दिलं जात होतं. शिवाय अ‍ॅस्ट्रो, रोटा, रिओ, पार्व्हो या विषाणूंना बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि साध्या जंतुनाशकांना ते फारसे जुमानत नाहीत. दोष त्यांचाच आहे हे पक्कं झालं, तर जुनं तूस पूर्ण काढणं, योग्य जंतुनाशक निवडणं आणि पुढची बॅच टाकण्याआधी शेड जास्त दिवस रिकामं ठेवणं, यावर खर्च करता येतो.

तो खर्च कोणी करायचा? करारावर कोंबड्या वाढवणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे वजनावर आणि खाद्याच्या हिशोबावर ठरतात. पिल्लंही कंपनीची, खाद्यही कंपनीचं, आणि पिल्लं खुजी राहिली की कात्री लागते ती मात्र त्याच्या हिशोबाला. म्हणून चांगल्या शेडच्या तुलनेच्या नमुन्यासकट तपासणीचं बिल कंपनीने भरावं, आणि अहवालाची प्रत शेतकऱ्याच्या हातात पडावी.