दाराशी आलेली मुले

शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठी विनेटका हे संपन्न उपनगर आहे. तेथील न्यू ट्रायर हायस्कूल 1901 साली सुरू झाले. शाळा सार्वजनिक, पण थाट महाविद्यालयास शोभावा असा. नाट्य, संगीत, पोहणे तर आहेच. विद्यार्थी नभोवाणी केंद्रही चालवतात. रोज सकाळी मुलांचे लहान गट आपापल्या सल्लागार शिक्षकास भेटतात. ही प्रथा कोणत्याही शाळेने उचलावी. तिला पैसा फारसा लागत नाही.

बाकीच्याला मात्र लागतो. तेथे शाळांचा बराचसा खर्च त्याच भागातील घरे-जमिनींवरील करातून भागतो. जेथे वाडे, तेथे भरपूर कर; जेथे खुराडी, तेथे तुटपुंजा. सप्टेंबर 2008 मध्ये शिकागोतील हजारभर मुले, आपल्या शाळेचा पहिला दिवस बुडवून, बसगाड्यांतून न्यू ट्रायरच्या दाराशी आली व त्यांनी प्रवेशाचे अर्ज भरले. पत्ता शिकागोचा असल्याने प्रवेश मिळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. शाळेने त्यांना सौजन्याने वागवले. दोष तिचा नव्हेच. परंतु मूल कोणत्या गल्लीत राहते, यावर त्याची प्रयोगशाळा ठरावी, हा कसला न्याय?

2017 साली इलिनॉय राज्याने कायदा करून वाढीव अनुदानाचा मोठा वाटा गरीब भागांतील शाळांना देण्याचे ठरवले. अर्ज भरणारी थोरली मुले तोवर शाळा सोडून केव्हाच गेली होती.