दहा वर्षांचे बंधन

अमेरिकी हवाई दलात वैमानिकाचे प्रशिक्षण पुरे झाले की त्या दिवसापासून १० वर्षे सेवेचे बंधन सुरू होते. सही करतो तो विशीतला तरुण. बंधन सुटते तेव्हा तो पस्तिशीकडे झुकलेला संसारी गृहस्थ असतो. मासिक निवृत्तिवेतन मात्र २० वर्षांनंतरच. उलट नागरी विमान कंपन्यांत ज्येष्ठता रुजू झाल्या तारखेपासून मोजतात. दलात काढलेले प्रत्येक जादा वर्ष तेथे कायमचे मागे टाकते. अशा माणसाने हिशेब मांडला तर त्याला देशभक्तीचे पाठ देऊ नयेत.

जे कौशल्य कोठेही विकता येते त्याचा खर्च मालक उचलीत नाही, हा गॅरी बेकर यांचा १९६४ चा सिद्धांत आम्ही वर्गात शिकवीत असू. येथे तो खर्च सरकार उचलते. रँड संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासानुसार एफ-१६ चा एक वैमानिक घडविण्यास ५६ लाख डॉलर लागतात. फळ चाखते कंपनी! वैमानिकाने थांबावे म्हणून २०२३ पासून वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत बोनस, तोही करदात्याच्याच खिशातून. आमच्या मते प्रशिक्षणाच्या खर्चाचा वाटा कंपन्यांकडून कररूपाने वसूल व्हावा, आणि १० वर्षे सेवा केलेल्यास त्या प्रमाणात निवृत्तिवेतन मिळावे.